दातवाल्याचा मेलेला राउटर

"अहो, सरका ना!"

कॉम्प्युटर कवटाळून मी दाराबाहेर पडले आणि थेट त्याच्यावर आदळले. समोरच्या फ्लॅटमधला दातांचा डॉक्टर! लिफ्टमध्ये रोज माझ्याकडे चोरून बघायचा... मीही बघायचे, खोटं कशाला बोलू?

"कुणाला पळवून नेताय?"

"दुकानात नेतेय! नेट लागत नाहीये. चार वाजता कंपनीवाले माझा गेम नेटवरून खेळून बघणार, आणि तो फक्त ह्याच मशीनवर चालतो. दोन वर्षं राबलेय त्याच्यासाठी..."

"माझा तर राउटरच मेलाय," तो म्हणाला. "चला, बघू तरी."

आगाऊ! पण मशीन उचलून तो माझ्या घरात शिरलासुद्धा, मग मीही मागोमाग गेले.

झालं होतं असं, की अपडेटनंतर वायफाय गायब. मी तणतणत वायफाय चालवणारा जुना ड्रायव्हर उडवला, मशीनच्या मॉडेलचा नवा फोनवर उतरवून टाकला. ढिम्म! फोनचंच नेट जोडलं, तर चित्र अडकत अडकत जाई.

तो माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. लवंगेचा मंद वास आला, आणि मी काय सांगत होते तेच विसरले.

"एक विचारू? हसू नका," तो म्हणाला. "हा दात मूळचा की नंतर बसवलेला?"

"काय?"

"हे वायफायचं कार्ड हो. मशीनबरोबरच आलेलं?"

मी कपाळावर हात मारला. गेल्या वर्षी मीच बदललं होतं की! आणि ड्रायव्हर टाकत बसले जुन्या कार्डाचा. झाकण उघडून नव्या कार्डावरचं नाव वाचलं, त्याचा ड्रायव्हर उतरवला, टाकला. रीस्टार्ट...

"लागलं!" मी किंचाळलेच. पडद्यावर आजूबाजूची नेटवर्कं भराभर उगवली. सगळ्यात वर, फुल्ल रेंजमध्ये — 'दातवाला'.

"डॉक्टर... राउटर मेलाय ना तुमचा?"

तो कानापर्यंत लाल झाला. "नेट आहे म्हटलं असतं, तर तुम्ही पासवर्ड घेऊन दार लावलं असतं. मला... जरा थांबायचं होतं."

"खोटारडे!" मी म्हटलं खरं, पण हसू काही आवरेना.

चार वाजले. तो कोपऱ्यात श्वास रोखून बसला. कंपनीवाल्या बाई खेळल्या, हरल्या, पुन्हा खेळल्या. "आम्ही घेतोय हा गेम," त्या म्हणाल्या, आणि मी खुर्चीवर उभी राहून नाचले!

खुर्चीवरून उतरले, तर तो दाराशी. "अभिनंदन! मग... निघू मी?"

"कुठं? राउटर मेलाय ना तुझा?" मी दार लावून घेतलं. "दुरुस्त होईपर्यंत इथंच बस. आवडतोस तू मला."


"मग तो," तो हळूच म्हणाला, "कधीच दुरुस्त व्हायचा नाही."