गगनबावड्याचं वारं

"आण्णा, वारं कसं किलो?"

हे मीच विचारलं. शिवाजी पेठेत, शिवमूर्ती आण्णांच्या कॉम्प्युटरच्या दुकानात, भर दुपारी, ताठ मानेनं. बाहेर माझ्या मैत्रिणी सौंदर्या आणि मोना सायकलींना टेकून तोंड दाबून हसत होत्या. पैज त्यांचीच. आठवडाभर मी एअर कूलिंग, एअर कूलिंग करून त्यांचं डोकं खाल्लं होतं. शेवटी मोना म्हणाली, "तेज्या, एवढं वारंच पाहिजे तर आण्णांना भाव विचारून दाखव की." नववीपर्यंतची मी असते तर पळाले असते. यंदा दहावी. यंदा मी कुणाला भीत न्हाय.

शिवाय माझं काम खरंच अडलं होतं. कॉम्प्युटर मी स्वतः जोडलाय, जुने पार्ट गोळा करून. प्रोसेसर ओव्हरक्लॉक केलाय, म्हणजे कंपनीनं ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवलाय. त्याच्यावर माझी फिल्म तयार होत होती: वाट चुकून शहरात आलेला गवा. रविवारी संध्याकाळी सहाच्या आत ती पोचली, तरच पुण्याच्या ॲनिमेशन शिबिरात जागा. तो शुक्रवार होता. आणि दर वीस मिनिटांनी प्रोसेसर शंभर अंशांवर जाऊन मशीन फट्दिशी बंद पडत होतं.

पाण्यावर चालणारा कूलर पप्पांनी बाद केला होता. उचगावच्या फौंड्रीत ते लोखंडाचा रस ओततात. रसात पाण्याचा थेंब पडला की काय होतं, ते त्यांच्या डाव्या हातावर दिसतं. "तापल्या जागी पाणी न्हाय." विषय संपला.

राहिला हवेचा. तांब्याच्या नळ्या, त्यांच्यावर ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांचा मनोरा, बाजूला पंखा. दोन मनोऱ्यांचा घेतला तर माझ्या कॅबिनेटचं झाकण लागत नाही. एकाच मनोऱ्याचा, तोही उंचीला एकशे पंचावन्न मिलिमीटरच्या आतला हवा होता.

आण्णा हसले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, "किलोवर न्हाय मिळत, बाळ. गावावर मिळतं. कुठलं पाहिजे?"

तांदूळ कुठला पाहिजे, गूळ कुठला पाहिजे, तसंच विचारलं त्यांनी. आता माघार कशी घेणार? पप्पांची बहीण, माझी निर्मला आत्ती, घाटमाथ्यावर राहते. मी ठोकून दिलं, "गगनबावड्याचं द्या."

माझ्या कॅबिनेटचं माप विचारून आण्णा आत गेले. बऱ्याच वेळानं एक खोकं घेऊन आले. त्याच्यावर नाव नव्हतं. पुठ्ठा ओलसर लागला.

"झाकणात मावंल. पण परत घेत न्हाय मी. मागितलंस तू."

घरी येऊन प्रोसेसरवर उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावली, वर मनोरा बसवून चार स्क्रू आवळले, फिल्म पुढं तयार करायला लावली. अठ्ठावन्न अंश! मी खुर्चीवर उभी राहून नाचले. तासाभरात एक्केचाळीस. मग छत्तीस. खोलीतही छत्तीसच होतं.

मग एकतीस.

इथं मात्र मी नाचायची थांबले. हवेचा कूलर खोलीपेक्षा थंड करूच शकत नाही. तो खोलीतलीच हवा फिरवतो. छत्तीसच्या हवेनं एकतीस कसं होईल? सेन्सर बिघडला असेल म्हणून पप्पांची तापमान मोजायची बंदूक आणली, कॅबिनेटचं झाकण काढून मनोऱ्यावर धरली.

एकोणीस.

झाकण काढल्याबरोबर वारं तोंडावर आलं. एवढ्याशा पंख्याचं नव्हे, उघड्या माळावरचं. थंड, दमदार. शेवाळाचा वास, ओल्या दगडाचा वास. माझे केस मागं उडाले, दाराचा पडदा फुगला. बाहेर मे महिन्याचं डांबर वितळवणारं ऊन, आणि माझ्या टेबलावर धुक्याची एक बारीक रेघ मनोऱ्यातून निघून कीबोर्डावर उतरत होती. एवढं सुंदर मी आयुष्यात काही बघितलं नव्हतं. भीती वाटायला पाहिजे होती, हे नंतर सुचलं.

आईला हाक मारली. ती हात पुसत आली, तळवा पुढं करून उभी राहिली. हळूच पदर अंगाभोवती घेतला.

शनिवारी सकाळी आत्तीचा फोन आला. आईनं स्पीकरवर टाकला.

"वहिनी, काल सांजपासनं पान हलंना बघ इथं. इतकी वर्सं झाली लग्नाला, असं कधी बघितलं न्हाय. दमा उठलाय माझा."

मी कॅबिनेटच्या मागं हात धरला. तिथून गरम हवा यायला पाहिजे. काहीच येत नव्हतं. एवढी ऊब जात होती कुठं?

पण फिल्म पंचावन्न टक्के झाली होती. मी मशीन चालूच ठेवलं.

दुपारी आईनं वर्षाच्या चटणीसाठी मिरच्या भाजायला घेतल्या. गल्लीभर ठसका. पप्पा पहिली पाळी संपवून आले ते खोकत, डोळे पुसतच. "तेजू, दार लाव!"

मला ठसका लागलाच नाही. धूर माझ्या खोलीत येत होता आणि दोरीसारखा सरळ, माझ्या कानाजवळून, कॅबिनेटमध्ये शिरत होता.

फोन वाजला.

"वहिनी," आत्तीला बोलवत नव्हतं, "मिरच्या... भाजालीस व्हय? बंद कर की गं. दम लागलाय."

आई कढईकडं बघत राहिली. कोल्हापूर कुठं, गगनबावडा कुठं. तिनं गॅस बंद केला, "टेकून बसा वन्सं," एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला.

फिल्म एकाहत्तर टक्के. गवा रंकाळ्याजवळ पोचला होता.

मी बटण दाबलं. पडदा काळा झाला. पंखा फिरतच होता.

प्लग काढला.

फिरतच होता.

चार स्क्रू सोडले, पंख्याची वायर उपसली, मनोरा हातात घेऊन स्वयंपाकघरात गेले. थंड, ओला, आणि पाती हळूहळू फिरत होती. पप्पांनी तो बघितला, मग लोंबणारी वायर बघितली. "ह्ये कशावर चाललंय?"

"म्हाईत न्हाय, पप्पा. पण मागितलं मी. उद्या पहिल्या एसटीनं मी आत्तीकडं जाणार, आणि हे जिथलं तिथं सोडून येणार. फिल्म राहिली तर राहू दे."

पप्पांनी तोंड उघडलं, पण उत्तर माझ्या हातातून आलं. आधी खोकला, मग धाप, मग अगदी जवळून आत्तीचा आवाज: "ये की गं, बाळ. लवकर ये."

फोन ओट्यावर बंद पडून होता.