पहिल्या आवृत्तीचं एकसष्टावं पान

ग्रंथालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत जे गृहस्थ बसायचे, त्यांना सगळे पाठीमागे 'स्वल्पविराम' म्हणायचे. समोर अर्थातच 'सर'. संशोधकांच्या प्रबंधाला जोडलेल्या संदर्भसूच्या तपासून द्यायच्या, हे त्यांचं काम. पंचवीस वर्षं तेच. एखाद्या नोंदीत स्वल्पविरामाच्या जागी पूर्णविराम पडला, की यांचा चेहरा दाढ ठणकल्यासारखा व्हायचा. माणूस वाईट नव्हता हो, पण कामाच्या बाबतीत नाकावर माशी बसू द्यायचा नाही.

त्यांचा एकच नियम होता: हातात असेल तेच लिहा. आता यात काय मोठंसं, असं तुम्ही म्हणाल. पण लोक काय करतात, की वाचतात गेल्या वर्षी निघालेलं स्वस्त पुनर्मुद्रण, आणि सूचीत ऐटीत ठोकून देतात साठ वर्षांपूर्वीच्या पहिल्या आवृत्तीचं साल. जसं काही पिवळी पडलेली ती मूळ प्रत रोज यांच्या उशाशीच असते! असा कोणी सापडला, की स्वल्पविराम चष्म्यावरून बघायचे आणि विचारायचे, "मूळ प्रत पाहिलीत? स्वतःच्या डोळ्यांनी?" समोरच्याची मान खाली.

सूचीचं सॉफ्टवेअर आलं तेव्हा त्यांना फार आनंद झाला. त्यात प्रत्येक गोष्टीला आपापला चौकोन होता. 'वर्ष' म्हणजे हातातल्या प्रतीचं. 'मूळ प्रकाशन वर्ष' म्हणजे पुस्तक पहिल्यांदा निघालं त्याचं, आणि तेही मूळ प्रत पाहिली असेल तरच. आणि 'आवृत्ती'. त्या चौकोनापाशी आले, की ते खुर्चीत पुढे सरकून बसायचे. पुनर्मुद्रण म्हणजे मजकूर जसाच्या तसा. एक ओळ जरी कमीजास्त झाली, तरी ती नवी आवृत्ती, आणि तसं छापायलाच हवं. नाहीतर ती वाचकाची फसवणूक. हे ते इतक्या पोटतिडकीनं सांगायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं, यांचं घरचंच काहीतरी चोरीला गेलंय.

तर त्या दिवशी दुपारी जेवणाचा डबा धुऊन ते संगणकापुढे बसले. एका परिचारिकेची सूची तपासायची होती. ही बाई मुलांच्या वॉर्डात नोकरी करून प्रबंध लिहीत होती. सात वर्षं चाललं होतं, दोनदा मुदतवाढ झाली होती, आणि परवा शेवटची तारीख होती. ग्रंथालयात सगळे तिला 'सिस्टर'च म्हणत. सूची नीटनेटकी होती. एकेचाळिसाव्या नोंदीवर मात्र स्वल्पविरामांचा हात माउसवरच थांबला.

पुस्तक त्यांच्या बायकोचं होतं.

बायकोही परिचारिकाच होती, मुलांच्याच वॉर्डातली. तिनं आयुष्यात एकच पुस्तक लिहिलं, वॉर्डातल्या दिवसांविषयी, आणि तेही माहेरच्या नावानं. त्यामुळे ही सरांची बायको, हे सिस्टरला ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. पहिली आवृत्ती तीनशे प्रतींची. काही खपल्या, उरलेल्यांना छापखान्याच्या गोदामात वाळवी लागली. बायको चार वर्षांपूर्वी गेली, आणि वर्षभरात स्वल्पविरामांनी स्वतः खटपट करून पुस्तक पुन्हा छापून घेतलं. सिस्टरनं वाचलं होतं ते हेच, याच ग्रंथालयातून नेलेलं. पण नोंदीत 'मूळ प्रकाशन वर्ष' भरलेलं होतं, १९९६, आणि पुढे लिहिलं होतं: मूळ आवृत्ती, पान ६१.

"हिनं मूळ कुठून पाहिलं?" ते स्वतःशीच पुटपुटले. त्यांनी तो चौकोन रिकामा केला, पानाचा आकडा पुसला आणि पुढच्या नोंदीकडे वळले. दोन नोंदी तपासून पुन्हा वर आले, तर १९९६ होतंच. सूची सामाईक होती, सिस्टर तिच्या घरच्या संगणकावरून भरत असेल, असं म्हणून त्यांनी पुन्हा पुसलं. मग फोन लावला.

"सिस्टर, तुम्ही आत्ता सूचीत काही करताय का?"

"छे हो सर, मी बसमध्ये आहे. तुमच्याकडेच येतेय, एक शंका होती."

फोन ठेवला, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत त्या रिकाम्या चौकोनात एक आकडा उमटला. १... मग जरा थांबून ९... पुन्हा ९... आणि ६. कोणीतरी एका बोटानं, अक्षर शोधत शोधत टाइप करावं तसं. त्यांची बायको असंच टाइप करायची. त्यांनी कीबोर्डवरून हात उचलले आणि मांडीवर ठेवले. खोलीत स्पिरिटचा बारीकसा वास येत होता, इंजेक्शनआधी दंडाला लावतात तसा.

आता खरं सांगायची वेळ आली. जो माणूस दुसऱ्याला पुनर्मुद्रण आणि आवृत्तीतला फरक शिकवायचा, त्यानंच बायकोच्या पुस्तकावर 'पुनर्मुद्रण' असं छापून घेतलं होतं, आणि ते धडधडीत खोटं होतं. नव्यानं टाइप करायला प्रत देण्याआधी त्यांनी घरच्या एकुलत्या एक जुन्या प्रतीतलं एकसष्ट-बासष्टचं पान ब्लेडनं कापून काढलं होतं. टाइप करणाऱ्यानं विचारलं, तर म्हणाले, "तिथे एक चित्र होतं, नकोय ते." पान गॅसवर धरलं, राख सिंकमध्ये सोडली आणि नळ बराच वेळ वाहू दिला. बायको हयात असताना तिला एका शब्दानं म्हणाले नाहीत, की हे पान मला सोसत नाही. ती गेल्यावर मात्र कात्री चालवली. स्वतःला सांगितलं, की घरातलं घरात राहावं, तिचीच अब्रू. खरं कारण त्यांना पक्कं ठाऊक होतं.

जिन्यात बुटांचा आवाज आला. रबरी तळव्यांचे बूट, फरशीवर चुक्... चुक्... सिस्टर दारात उभी राहिली. गणवेश तसाच होता, कामाची पाळी संपवून सरळ आली होती.

"बसा," ते म्हणाले.

"सर, तुम्ही मला वेड्यात काढाल. पण हे कसं द्यायचं ते मला कळेना." तिनं पिशवीतून ते पुनर्मुद्रण काढलं. "यात हे सुटं पान होतं. कागद जुना आहे. पानावर आकडा एकसष्ट, पण यातला मजकूर या पुस्तकात कुठेच नाही! मी तीनदा शोधला. म्हणून मी मूळ आवृत्तीचा म्हणून दिला. हातात होता, म्हणून."

तिनं पान टेबलावर ठेवलं.

स्वल्पविरामांनी हात लावला नाही. लावायची गरजच नव्हती. डावीकडची कड ब्लेडनं कापलेली होती, तिरकी, कारण त्या दिवशी ब्लेड मध्येच निसटलं होतं. आणि समासात लाल पेन्सिलीनं त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'वगळा'. हे पान त्यांनी जाळलं होतं. त्याची राख त्यांनी पाण्याबरोबर जाताना पाहिली होती.

"एक मिनिट..." ते उठले. कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटाला त्यांनी किल्ली लावली आणि मागच्या कप्प्यातून घरून आणून लपवलेली ती जुनी प्रत काढली. साठाव्या पानानंतर एकदम त्रेसष्ट, आणि मध्ये शिवणीपाशी कागदाची अरुंद पट्टी. त्यांनी सुटं पान चिमटीत धरून पट्टीला भिडवलं. तंतोतंत बसलं. कागद गार होता, जरासा दमट.

सिस्टर बघतच राहिली. "म्हणजे मूळ प्रत तुमच्याकडे आहे?"

"सिस्टर," ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "सुटं पान म्हणजे पुरावा नव्हे. परीक्षक विचारतील, कुठून आणलंत. काढून टाका ते अवतरण."

"काढून टाकू? अहो सर, माझं अख्खं प्रकरण त्याच्यावर उभं आहे." तिचा आवाज चढला, मग तिनं तो आवरला. "सात वर्षं मी परिचारिकांना एकच विचारत फिरतेय, तुमचं स्वतःचं माणूस तुमच्याच वॉर्डात गेलं, तेव्हा काय झालं? सगळ्या म्हणतात, कर्तव्य केलं. एवढ्या सगळ्यांत ही एकच बाई खरं बोलली आहे. वाचू?"

"नको," ते म्हणाले.

पण तिनं वाचलं, हळू आवाजात. "'त्या संध्याकाळी वॉर्डात सतरा मुलं होती. सोळांची नावं मी तक्त्यावर लिहिली. सतरावं लिहिताना हात थांबला, कारण ते नाव मीच ठेवलं होतं. छापखान्यात फोन केला. 'एवढं एक पान संपवतो आणि आलोच', असं उत्तर आलं. पान लांबलं असावं. मुलीनं दोनदा विचारलं, बाबा आले का? तिसऱ्यांदा विचारलं नाही.'"

तेव्हा ते छापखान्यात मुद्रितं तपासायचे. कोणाच्या तरी जाडजूड ग्रंथाची सूची होती. पान संपवलं, मग वाटलं आणखी एक, काम हाती आहेच तर. लहान मुलांना ताप येतोच, आणि आई तर तिथेच आहे, असं वाटलं होतं. सहा वर्षांची होती पोरगी. बायको त्यावरून त्यांना कधी एक शब्द बोलली नाही. पुस्तकाची मुद्रितंसुद्धा तिनं त्यांच्या शेजारी बसून तपासली, सगळ्या खुणा त्यांच्याकडूनच शिकली, आणि हे पान आलं तेव्हा उठून चहा करायला गेली. त्यांनी त्या पानावरच्या ऱ्हस्वदीर्घाच्या दोन चुका दुरुस्त केल्या. बस, तेवढंच.

बाहेर पुन्हा बूट वाजले. चुक्... चुक्... सिस्टर तर समोर बसली होती. आवाज दारापाशी आला आणि थांबला.

"कोण आहे...?" सिस्टरनं मान वळवली. दार उघडं होतं, जिन्यात कोणीही नव्हतं. स्पिरिटचा वास मात्र आता तिलाही आला असावा. तिनं आपला हात हुंगून पाहिला. "आज मी साबणानं हात धुतले होते," ती म्हणाली.

ते बूट कोणाचे, हे स्वल्पविरामांना कळलं होतं. पण खरं सांगायचं, तर भीतीहून जास्त त्यांना लाज वाटत होती, तीस वर्षांची.

"ते पान मी कापलं," ते म्हणाले. "'वगळा' माझं अक्षर आहे. ती माझी बायको. आणि फोनवरचा तो... मी."

सिस्टरनं पान हळूच टेबलावर ठेवलं, एखाद्याला झोपेतून जाग येऊ नये तसं.

मग त्यांनी कीबोर्ड ओढला. मूळ प्रकाशन वर्षाला हात लावला नाही, ते बरोबरच होतं; पुसलेला पानाचा आकडा परत भरला. 'आवृत्ती'च्या चौकोनातलं 'पुनर्मुद्रण' पुसलं आणि लिहिलं: दुसरी आवृत्ती, एक पान वगळलेली. खाली शेरा टाकला, की मूळ आवृत्तीतलं एकसष्ट-बासष्टचं पान लेखिकेच्या पतीनं तिच्या मृत्यूनंतर, तिच्या संमतीवाचून काढलं; मूळ प्रत त्याच्याकडे आहे, कोणालाही पाहता येईल. पुढे त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं. सगळे स्वल्पविराम जागेवर होते.

"परीक्षकांनी विचारलं, तर मला बोलवा," ते म्हणाले. "मी येऊन सांगेन."

"सर..." सिस्टरचे डोळे भरून आले होते. "मी खाली जाऊन याची प्रत काढून आणते. परिशिष्टात जोडते."

ती पान घेऊन गेली. तिचे बूट जिना उतरत गेले आणि खाली विरले. स्वल्पविराम खुर्चीत मागे टेकले. फार वर्षांनी खांदे हलके वाटत होते. दुपार कलली होती, खिडकीतलं ऊन टेबलावरून सरकून जुन्या प्रतीवर आलं होतं. आता घरी जावं, आज जरा लवकरच, असं त्यांच्या मनात आलं.

तेवढ्यात फोन वाजला. खालच्या मजल्यावरून सिस्टरच बोलत होती.

"सर, मघाशी तुम्ही या पानावर काही लिहिलंत का?"

"नाही. का?"

"तुमचं ते 'वगळा' कोणीतरी खोडलंय. आणि सगळ्या ओळींखाली बारीक बारीक टिंबं दिलीत... शेवटच्या ओळीपर्यंत. कडेला लिहिलंय, 'राहू द्या'."

ती मुद्रितशोधकांची जुनी खूण. चुकून काही खोडलं गेलं, तर त्याखाली टिंबं द्यायची आणि समासात लिहायचं, राहू द्या. बायकोला त्यांनीच शिकवली होती. स्वल्पविरामांनी डोळे मिटले. "बरं झालं," ते हळूच म्हणाले.

"खाली आणखी एक ओळ आहे, सर. त्याच अक्षरात. अजून ओली आहे... बोटाला शाई लागली माझ्या."

"काय लिहिलंय?"

सिस्टरनं वाचलं, "'पान संपलं ना? आता या.'"

त्यांनी उघड्या दाराकडे पाहिलं.

"सर...? हे कोणाला लिहिलंय?"

जिन्यावर रबरी तळव्यांचे बूट वाजत होते. चुक्... चुक्... दिवसभराचं काम आटोपून कोणाला तरी न्यायला यावं, तसे सावकाश वर चढत होते. आणि त्यांच्या मागोमाग, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत, आणखी कोणाची तरी लहानशी पावलं.