घाम पुसा आधी

धक्क्यावरच्या माहिती खिडकीत सासूबाई बसल्या की ऐकत राहावं. परदेशी पाहुणा तापलेल्या फरशीवर पाय उचलत खिडकीशी आला की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "घाम पुसा आधी." कागदी रुमाल पुढे सरकायचा, मग माहिती. पाणी उकळलेलंच प्या. सुती कपडे घाला. माडाखाली डुलकी काढू नका, नारळ काही ओळख विचारून पडत नाही. ओहोटीत पोहू नका. इथे संध्याकाळ अशी नसतेच, सूर्य बुडाला की काळोख, तेव्हा टॉर्च जवळ ठेवा. आणि बेटावर जाणारी बोट ही समोर, माझ्या लेकाची.

बाईंच्या जिभेवर अख्खा देश आहे, असं सुनेला वाटायचं. सासरे गेल्यापासून ही खिडकी त्यांनी एकटीने सांभाळली होती आणि बोटीतल्या एकाही पाहुण्याच्या केसाला धक्का लागला नव्हता. सून शेजारी बसून शिकायची आणि मनोमन हात जोडायची.

एकच गोष्ट तिला कळत नसे. क्वचित एखादा पाहुणा कपाळावरून रुमाल फिरवून तो कोरडाच परत ठेवायचा. तेव्हा सासूबाईंचा आवाज मऊ व्हायचा. "आज बोट नाही. किनाऱ्याकिनाऱ्याने सरळ जा, तुमची माणसं भेटतील." तो मान डोलावून निघून जायचा. बोट तर समोर उभीच असायची.

"घाम नाही त्याला बोट नाही," सासूबाईंनी बजावलं होतं. "एवढं पाळ म्हणजे झालं."

सुनेने आपल्यापुरता अर्थ लावला. उष्माघातात घाम थांबतो, हे तिला ठाऊक होतं. पण मग अशा माणसाला भर उन्हात चालत का पाठवायचं? विचारायचा धीर काही झाला नाही.

त्या दिवशी सासूबाई डोळे तपासायला गेल्या होत्या. बोटीत एक जागा रिकामी होती आणि नवरा खालून हात हलवून घाई करत होता. तेवढ्यात जाड कोट घातलेले एक काका आले. त्यांनी कपाळ पुसलं, रुमालाची नीट घडी करून तो परत ठेवला. कोरडा ठणठणीत. चेहरा मात्र इतका थकलेला, की सुनेला पोटातून कळवळा आला. यांना उन्हात हाकलण्यापेक्षा छपराखाली वारा तरी लागेल, असं म्हणत तिने त्यांना बोटीत बसवलं.

सासूबाई परतल्या तेव्हा बोट दिसेनाशी झाली होती. त्यांनी तो रुमाल चिमटीत धरून चाचपला.

"हा कोणाचा?"

सुनेने सगळं सांगितलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी खुर्चीत बसून रुमालांचा नवा गठ्ठा सोडला.

ऊन उतरायच्या आत नवरा खिडकीशी आला. सुनेचा जीव भांड्यात पडला.

मग तिने धक्क्याकडे पाहिलं. बोट लागलेली नव्हती.

नवऱ्याच्या मागे सकाळचे पाहुणे रांगेत उभे होते. त्या भाजत्या उन्हात कोणीच वारा घेत नव्हतं.

"बेटावर जायची बोट कुठून सुटते हो?" त्याने आईला विचारलं.

सासूबाईंनी रुमाल सरकवला. "घाम पूस आधी."

त्याने कपाळ पुसलं. रुमाल कोरडा होता.

"आज बोट नाही, राजा." त्यांचा आवाज जराही हलला नाही. "किनाऱ्याकिनाऱ्याने सरळ जा. बाबा भेटतील."

सून दाराकडे धावली. सासूबाईंनी तिचं मनगट घट्ट धरलं.

"तू बस," त्या म्हणाल्या. "तुला घाम आलाय."

आणि दुसऱ्या हाताने त्यांनी रांगेतल्या पुढच्यासाठी रुमाल काढला.