तिसरा लोलक

शोध : लोलक

शेलूबाजारच्या जीप थांब्यासमोर तेव्हा एक मोबाईलचं दुकान होतं. रिचार्ज, कव्हर, पेनड्राइव्हमध्ये गाणी भरून मिळतील. जीप भरायला वेळ होता, म्हणून मी सहज आत शिरले. काउंटरमागे एक मुलगा. पांढरा शर्ट, आणि खिशाला कोथिंबिरीची एक काडी चिकटलेली.

"भाऊ, गाणी नकोत. लोलक भरून द्या."

"म्हंजे?"

"दहावीचा धडा हाये. आमच्या शाळेत प्रोजेक्टर हाये, नेट नाई. आन लोलक कोन्या बॅचनं फोडला, कोनालेच माहीत नाई."

"देतो ना मॅडम. सायन्सवालाच हाये मी. फिजिक्समदेच लटकलो, पन हाये."

दुसऱ्या दिवशी वर्गात खिडक्यांना चादरी लावल्या. पडद्यावर आता पांढरा प्रकाश काचेत शिरणार, सात रंगांत उलगडणार... आणि आला काय, तर दोरीला बांधलेला गोळा. इकडून तिकडे. तिकडून इकडे. मागून हिंदीतला एक गंभीर आवाज.

पोरं हसून हसून बाकाखाली गेली.

शोध : लोलक मराठी

"भाऊ, हे काय दिलं?"

"लोलक."

"हा लंबक हाये! मले तिकोनी काच पायजे. प्रिझम."

"हिंदीत लंबकालेच लोलक म्हनतात."

"मी हिंदीत मागितला होता?"

"आता नेटच हिंदीत बोलून राह्यलं, तं मी काय करू?"

मला हसू आलं. ते त्याने पाहिलं. स्टूल पुढे सरकवत म्हणाला, "बसा. तुमीच निवडा. पन मले भाऊ म्हनू नका."

"काहून?"

"दिवसभर सगळ्याच म्हनतात. एखादीनं तरी—"

वाक्य तिथेच राहिलं. स्क्रीनवर डाउनलोडची हिरवी पट्टी हळूहळू सरकत होती. आम्ही दोघंही तिच्याकडेच पाहत राहिलो... जणू तिच्यात फार काही पाहण्यासारखं होतं.

शोध : प्रकाशाचे अपस्करण सोप्या भाषेत

शनिवारी शाळा सकाळची. सुटले की शेलूबाजार.

इंटरनेटवर भौतिकशास्त्र ढीगभर होतं, पण वर्गात चालेल असं थोडं. कुठे नुसतं संगीत, कुठे नुसती सूत्रं, कुठे इतकं घाईचं इंग्रजी की माझीच दमछाक. मग नवीनने कसोटी ठरवली. नवीन म्हणजे तोच, ज्याला भाऊ म्हणायचं नव्हतं.

"मले समजलं तं पोरायले समजंल. मी नापास मानूस हाये, माझ्याहून चांगली चाळनी तुमाले भेटनार नाई."

त्या चाळणीतून एका निवृत्त मास्तरांचे व्हिडिओ उरले. फळा, खडू, मधूनच खोकला, पण एकेक शब्द स्पष्ट. आणि नेटशिवाय चालणारं एक सिम्युलेशन उरलं, बोटाने काच फिरवली की किरण वळायचा. नवीन ते लहान पोरासारखं फिरवत बसायचा.

"लाल काहून कमी वळते?"

"काचेत तिचा वेग जास्त राहते. जांभळी मंदावते, म्हणून जास्त वळते."

"म्हंजे जांभळी लई मनावर घेते."

"हो."

"आन तुमी?"

"मी लाल."

"वाटत नाई," तो म्हणाला. मी पेनड्राइव्हची टोपी शोधू लागले. ती माझ्याच हातात होती.

त्याची आई रुपाबाई बाजारात भाजी विकायची. एकदा माझ्या पिशवीत वांगी टाकत म्हणाली, "माय, थोडी आधी आली असती तं हे पोट्टं पास तरी झालं असतं!"

शोध : लोलक (आता)

आता हायवे रुंद झाला आहे. दुकानाच्या जागी पेव्हर ब्लॉक आहेत. पेनड्राइव्ह घेऊन कुणी कुठे जात नाही. माझ्या वर्गातली पोरं खिशातल्या फोनवर लोलक शोधतात आणि अजूनही पहिल्यांदा तो गोळाच झुलत येतो.

"मॅडम, हा लोलक नोय ना?"

"राहू द्या. थोडा झुलू द्या," मी म्हणते.

शोध :

तेव्हाच्या त्या शेवटच्या शनिवारी शोधाची चौकट रिकामी होती. माझी कंत्राटी नोकरी संपली होती. सामान जीपच्या टपावर बांधलेलं.

"आज काही शोधायचं नाई," मी म्हटलं.

"कारंज्याले चालल्या?"

"हो. घरी. उद्या पाहुणे येऊन राह्यले."

"पाहाले?"

"पाहाले."

त्याने लॅपटॉप मिटला. पुन्हा उघडला. "मंग... हो म्हनता?"

"नाही म्हणायला काही कारण पायजे ना."

बाहेर जीपवाल्या हरिसिंगने हॉर्न वाजवला. मी उठले. तो उठला नाही. मी जीपमध्ये खिडकीशी बसले, तरी नाही. मग एकदम धावत आला आणि खिडकीतून एक कागदी पुडी आत दिली.

"काय हाये?"

"लोलक."

पुडीत कानातले होते. काचेचे, पैलूदार, थेंबासारखे.

"याला लोलक म्हणतात हे कोणी सांगितलं?"

"नेटनं. मराठीत शोधलं न, तं तुमच्या प्रिझमच्या आधी हेच येतात. कधीचे घेऊन ठेवले. द्याची हिंमत... ते डाउनलोड होत नव्हती."

मी ते घातले. हरिसिंगने इंजिन सुरू केलं, जीप थरथरली, काच झुलू लागली आणि उतरतं ऊन तिच्यात शिरलं. नवीनच्या पांढऱ्या शर्टावर लाल, पिवळे, जांभळे ठिपके इकडून तिकडे, तिकडून इकडे.

"मॅडम—"

"आता मॅडम कायले?"

"रीता..." शर्टावरचे रंग बोटाने धरू पाहत तो म्हणाला, "पाहुन्यायले नाई सांगजो."

"ओ बाई," हरिसिंग ओरडला, "उतरता का जाता?"

"जाते," मी म्हटलं. "नाई सांगायला जाते."