चौथं कुलूप

कुलूप ही माणसाने माणसाला दिलेली सर्वांत पवित्र वस्तू आहे, असं बिस्किटांच्या कारखान्यातला देखभालीचा सुपरवायझर प्रत्येक नव्या कामगाराला छातीवर हात ठेवून सांगत असे. त्याच्या स्वतःच्या घराला नुसती कडी होती, आणि तीही लाथ घातल्याशिवाय बसत नसे.

कारखान्यात मात्र तो कुलपांचा पुजारी. यंत्र बंद केलं म्हणजे मेलं असं समजू नका, तो बजावायचा, ते दबा धरून बसलेलं असतं. म्हणून दुरुस्तीआधी मुख्य स्विच पाडायचा, नळ्यांत कोंडलेली हवा सोडून द्यायची आणि स्विचच्या दांड्याला प्रत्येकाने आपापलं लाल कुलूप घालायचं. किल्ली ज्याची त्याच्या खिशात. जितकी माणसं कामावर, तितकी कुलपं दांड्यावर. शेवटचं निघेपर्यंत यंत्र चालू होणं शक्यच नाही. आणि दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना. माणसावर विश्वास टाकायचा नसतो म्हणून तर कुलूप असतं, हे त्याचं आवडतं वाक्य. पाठीमागे सगळे त्याला शंकासुर म्हणत.

सख्ख्या भावाचा प्रश्न कधी आला नाही. मेहुण्याचा आला.

बायकोच्या या धाकट्या भावाला त्यानेच फिटर म्हणून चिकटवलं होतं. गडी कामाला वाघ, पण हाताला स्वस्थता नाही. मागे त्याने मॅनेजरसाहेबांच्या खुर्चीचा एक बोल्ट ढिला केला होता आणि साहेब पाहुण्यांच्या देखत टेबलाखाली दिसेनासे झाले होते. "आणखी एक चाळा, की घरी," साहेबांनी सांगून टाकलं. बायकोने हेच वेगळ्या शब्दांत सांगितलं. "घरी म्हणजे आपल्या घरी बरं का. बाहेरच्या खोलीत. कायमचा."

त्या दुपारी मोठ्या मिक्सरचं सील बदलायचं होतं. मिक्सर म्हणजे माणूस वाकून उभा राहील एवढं स्टीलचं पिंप, पोटात दोन वाकडी पाती. सुपरवायझर, वायरमन आणि मेहुणा अशी तिघांची तीन कुलपं दांड्यावर चढली. मेहुणा आत उतरला, सुपरवायझर झाकणाशी थांबला आणि वायरमन स्विचपाशी राखणीला उभा राहिला. हवेत व्हॅनिलाचा गोड वास होता. त्या वासाने नव्या माणसाला भूक लागते आणि जुन्याची मरते.

काम झालं. मेहुणा बाहेर आला, हात पुसले, आपलं कुलूप काढलं. वायरमनने काढलं. सुपरवायझरने आपलं काढलं.

दांड्यावर एक कुलूप राहिलं.

तसंच लाल, तसंच नवं. त्याला नेहमीची पाटी होती, 'माणूस आत आहे', पण खाली नावाची जागा कोरी.

"कोणाचं?" सुपरवायझरने विचारलं.

"माझं तर निघालं," वायरमन म्हणाला. "मी इथनं हललो नाही. कोणी आलं नाही."

"तू सिगारेटला गेला असशील."

"सोडून वर्ष झालं, अहो. तुमच्यादेखतच सोडली."

सुपरवायझरने मेहुण्याकडे पाहिलं. मेहुण्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. ते तिथे कायमच असे, पण आज ते पुराव्यासारखं दिसलं.

"खिसे दाखव."

"दाजी, आईशप्पथ!"

खिशात एक किल्ली, कंगवा आणि अर्धं बिस्किट. सुपरवायझरने स्टोअरचं कपाट उघडलं. तिथल्या खुंट्यांवर एकही कुलूप कमी नव्हतं. म्हणजे बदमाशाने बाहेरून आणलं, त्याने ठरवलं. परत येऊन कुलूप मुठीत धरलं, तर ते उबदार होतं. कोणीतरी बराच वेळ हातात धरून आत्ताच सोडल्यासारखं.

नियमाप्रमाणे त्याने पिंपात बॅटरी मारली. आत पाती, नवं सील, बाकी काही नाही. मग नियमाप्रमाणेच तोंड आत घालून ओरडला, "आत कोण आहे?"

रोज हा प्रश्न पिंपात घुमून, शेपूट लांबवत परत येई. आज आला नाही. गोधडीत तोंड खुपसून बोलावं तसा तिथेच विरला. रिकामं भांडं घुमतं. भरलेलं घुमत नाही.

"कोणी नाही म्हणून ओ देत नाही, दाजी," मेहुणा म्हणाला. पण तोही हळूच.

तेवढ्यात जिन्याच्या वरच्या टोकाहून साहेबांचा आवाज आला. "काय अडलंय? येऊ का खाली?"

साहेब खाली आले की चौथं कुलूप पाहणार, आणि कोणाकडे बोट दाखवणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. सुपरवायझरच्या डोळ्यांसमोर घरची बाहेरची खोली उभी राहिली.

"काही नाही, साहेब! झालंच!"

त्याने कटर उचलला.

"अहो, धनी सापडल्याशिवाय कापायचं नाही," वायरमन म्हणाला. "तुम्हीच शिकवता."

"सापडलाय," सुपरवायझर मेहुण्याकडे बघत म्हणाला.

"माझं नाही, दाजी. खरंच नाही."

त्याच्या तोंडावरचं हसू गेलं होतं. सुपरवायझरने ते पाहिलं. आणि कटर दाबला.

कुलूप तुटलं.

पिंपातून हवा सुटल्यासारखा आवाज आला. लांबलचक, शेवटी थांबत थांबत. नळ्यांतली हवा तर त्यांनी काम सुरू होण्याआधीच सोडलेली होती.

सुपरवायझरने तुटकं कुलूप खिशात टाकलं.

मैदा पडला, साखर पडली, लोणी पडलं. यंत्र सुरू झालं. मोटार जरा कण्हत फिरली, मग सरावली. मळलेल्या पिठाचा घाणा हातगाडीत उतरला आणि वजनकाट्यावर गेला.

काट्यावरच्या बाईने आकडा पाहिला. गाडी मागे घेतली, पुन्हा चढवली, पुन्हा पाहिलं.

"भरतंय जास्त."

"काटा बिघडला असेल," सुपरवायझर म्हणाला.

"काटा बरोबर आहे. टाकलं तेवढंच टाकलंय, निघालं जास्त."

"किती जास्त?"

बाईने इकडेतिकडे पाहिलं. मग तिची नजर मेहुण्यावर थांबली, डोक्यापासून बुटांपर्यंत फिरली.

"ह्यांना उभं केलं तर भरेल, तेवढं."

मेहुणा दोन पावलं मागे सरकला.

सुपरवायझरने गोळ्यावर तळहात ठेवला. तो कोमट होता. त्याने हात काढून घेतला आणि बराच वेळ पँटला पुसत राहिला. घाणा फेकायचा, तर कारण द्यावं लागणार. कारण द्यायचं, तर कुलपाचं सांगावं लागणार.

साहेब तोवर खाली आले होते. त्यांनी काट्यावरचा आकडा पाहिला आणि खूश झाले. "वा! सील बदलल्याचा परिणाम दिसतोय."

"होय, साहेब," सुपरवायझर म्हणाला.

मेहुण्याची नोकरी टिकली. बिस्किटं संध्याकाळपर्यंत भाजून, पुड्यांत भरून गाडीने गेली. चवीबद्दल एकाही गिऱ्हाइकाची तक्रार आली नाही.