शून्य गंधाचं शेत

तालुक्याच्या पीकहानी प्रयोगशाळेत दुपारी तीन वाजता गयाबाई लोखंडे शिरल्या, त्या थेट डॉ. वृषाली गंभीरेंच्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. पूरमदतीची यादी पाचला बंद होणार होती आणि त्यांच्या दोन एकरांपुढे लिहिलं होतं, 'नुकसान नाही'.

"बाई, नदीनं माझं अख्खं रान खरडून नेलं. खालचा खडक उघडा पडलाय. अन् तुमचं मशीन म्हणतं, काय झालंच नाही?"

त्यांनी मोबाइलवरचा फोटो पुढे केला. वृषालीने तो पाहिलासुद्धा नाही, कारण फोटो नियमात बसत नव्हता. पूर्वी एकाच बुडालेल्या शेताचे फोटो दहा-दहा जणांनी लावून सरकारच्या तोंडाला पानं पुसली होती! म्हणून तर तिने 'गंधपंच' बनवला. झाडाला इजा झाली की ते एक विशिष्ट वायू सोडतं. गंधपंच शेतावरून उडत तो हुंगतो. गंध जितका उग्र, तितकं नुकसान मोठं. झाडं खोटं बोलत नाहीत, हे तिचं लाडकं वाक्य होतं.

"शून्य गंध म्हणजे पीक ठणठणीत," शेजारच्या टेबलावरून इनामदार सर म्हणाले. यंत्राचं गणित तेच सांभाळत. "मावशी, तुमच्या चारी शेजाऱ्यांना मदत मिळालीय. त्यांच्याकडे गंध भरपूर आहे."

"त्यांचं पीक पाण्यात का होईना, उभं तरी आहे!" गयाबाई मटकन खुर्चीत बसल्या. "अहो सर, मयताच्या घरी सगळी रडतात. रडत नाही तो मेलेला तेवढा. मग काय, तोच ठणठणीत का?"

इनामदार हसायला गेले आणि मधेच थांबले. वृषाली त्यांच्याकडे वळली.

"सर, जखमी झाडाचा गंध शेजारच्या झाडांना लागला, तर ती काय करतात?"

"सावध होतात. स्वतःला इजा नसली तरी तोच गंध सोडू लागतात. थोडा का होईना."

"म्हणजे चारी बाजूंनी गंध येत असताना निरोगी शेत गप्प राहूच शकत नाही."

सरांचा चेहरा उतरला. "नाही. गप्प राहील ते फक्त... जिथे एकही झाड जिवंत नाही."

मग दोघांनी चहासुद्धा घेतला नाही. गंधाने वेढलेलं शून्य म्हणजे संपूर्ण हानी, असा नवा नियम यंत्राला घातला. पावणेपाचला यादीत त्रेचाळीस शेतांची भर पडली. त्यात गयाबाईंचं होतं. त्या बिचाऱ्या पदराने डोळे पुसत उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या.

"बाई, मागच्या पुरातसुद्धा हेच मशीन होतं ना? माझ्या बहिणीलाही 'नुकसान नाही' म्हणूनच परत लावलं होतं. रान विकून ती ऊसतोडीला गेली."

वृषालीने मागच्या वर्षीचा नकाशा उघडला आणि नवा नियम चालवला. एकशे बारा शेतं. खोटे दावे पकडले म्हणून तिला मिळालेलं प्रशस्तिपत्र समोरच्याच भिंतीवर लटकत होतं. त्यावरही आकडा तोच होता, एकशे बारा.

तिला रडूच कोसळलं.  गयाबाईंनी खुर्ची ओढून घेतली.

"डोळे पुसा. बहिणीचा नंबर माझ्यापाशी आहे. तिच्यापासून लावा फोन."