जुन्या पांढरीची खारी

किळस ही चैन वृषालीला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात सोडावी लागली होती. जळगावच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती चौदा वर्षं टेक्निशियन होती. थुंकी, लघवी, पू, जंत, लोक जे जे नाक मुरडत कागदात गुंडाळून आणतात ते ती काचेवर पसरून मायक्रोस्कोपखाली बघायची आणि दुपारी शेजारच्याच टेबलावर डबा उघडायची. डब्यात शेवभाजी असली तर रस्साही वरपून खायची. पुढची हकिकत सांगताना ती सुरुवात इथूनच करते. बाई नाजूक होती, असं उद्या कोणी म्हणायला नको.

धरणगावातलं तिच्या वडिलांचं घर धाब्याचं. दोनच खोल्या, पण सागाच्या सरा, म्हणजे तुळया, अशा की वरून बैलगाडी न्यावी. सरांवर फळ्या, फळ्यांवर कपाशीच्या पऱ्हाट्या आणि कडुनिंबाचा पाला, त्यावर चिखलाचा थर आणि सगळ्यात वर खारी. ही पांढरट खारट माती दरवर्षी मे महिन्यात धाब्यावर पसरायची. पाऊस लागला की ती चिकट होऊन भेगा आपोआप बुजवते. ज्याने खारी टाकायचा आळस केला, त्याच्या घरात आषाढात घमेली आणि पातेली मांडलेली दिसतात.

वृषालीच्या वडिलांनी, पितांबर आबांनी, चाळीस वर्षं हा आळस केला नाही. गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते ते. बुद्धवंदना झाल्याशिवाय चहा घ्यायचे नाहीत आणि भुताखेतांचं नाव काढलं की हसून हसून खोकायचे. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. गिळण्याची ताकद गेली, नाकातून पोटात नळी बसली आणि बोलण्यातला एकच शब्द शिल्लक राहिला, 'नको'. कूस बदलताना नको, पंखा लावला तर नको, लेक जळगावला चला म्हणाली तर तीन वेळा नको. वृषालीचा नवरा सुरतेला कामाला. तीच मग बाडबिस्तरा घेऊन धरणगावला राहायला आली आणि रोज जळगावला जाऊन-येऊन करू लागली. दिवसा शेजारची ताईबाई आबांजवळ बसे.

डॉक्टरांनी एकच गोष्ट बजावली होती. पाठीवर झोपून झोपून जखमा झाल्या आहेत, अंथरूण ओलं होऊ देऊ नका. एकदा ओल धरली की जखम हाडापर्यंत जाईल आणि मग माझ्या हातात काही नाही. म्हणून मे महिना लागताच वृषालीने खारीचा घोशा लावला.

अडचण अशी की गावची खारीची खदान आता उरलीच नव्हती. तिथे प्लॉट पडले होते, दगड रोवून त्यांना पिवळे आकडे दिले होते. नथ्थूभाऊ दरवर्षी आबांकडे खारी टाकायचा. तो डोकं खाजवत उभा राहिला.

"नदीकाठची जुनी पांढरी आहे ना," वृषाली म्हणाली. "उजाड गावाची. तिथे ढिगाने पडली आहे."

"ताई, तठली खारी कोनी लेत नही," नथ्थू म्हणाला. "बठ्ठं गाव दुकायमा चुल्हाजोडे बशीसन मरनं, आसं जुना मानसं सांगेत."

"गाव चुलीजवळ बसून मेलं, त्या दुष्काळाला शंभर वर्षं झाली असतील. माती ती माती, भाऊ."

 दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टरची ट्रॉली दारात उलटी झाली. माती चांगली होती, मऊ, राखाडीकडे झुकलेली. मध्ये मध्ये खापराचे तुकडे आणि काजळी धरलेले दगड निघाले, ते वृषालीने स्वतः वेचून फेकले. आत खाटेवर आबा नको नको करत होते. ते ऐकायची तिला सवय झाली होती.

धाबं झकास झालं. जून गेला, जुलैत चार दिवसांची झड लागली, तरी आत एक टिपूस नाही. वृषाली स्वतःवर खूश होती. मग ऑगस्टमध्ये पावसाने ओढ दिली. वीस दिवस आभाळ कोरडं, कपाशी माना टाकू लागली, आणि अशात एका रविवारी दुपारी बारा वाजता आबांच्या खाटेवर वरून थेंब पडला.

तो अंथरुणावर पडला नाही. आबांचं तोंड उघडं होतं, त्यात पडला. मग दुसरा, मग तिसरा. थेंब पाण्यासारखा तुटत नव्हता. आधी फळीला लोंबायचा, लांब व्हायचा, त्याचा बारीक दोरा व्हायचा आणि मग सुटायचा. आबांच्या गळ्याची घाटी वर-खाली झाली. ज्या माणसाला चमचाभर पाणी घशात ठसकत होतं, तो गिळत होता.

वृषालीने धावत जाऊन त्यांचं तोंड पुसलं. बोटाला लागलं ते कोमट होतं. बुळबुळीत, पिवळसर, आणि वास असा की शिळ्या तोंडाचा.  चौदा वर्षांत पहिल्यांदा तिने हात साबणाने तीनदा धुतले.

"कधीपासून?" तिने ताईबाईला विचारलं.

ताईबाई पदराशी चाळा करत राहिली. "पाच दिन व्हयनात. रोज बाराले. आबाना तोंडमाच पडस, इकडेतिकडे नही."

"आणि तू सांगितलं नाहीस?"

"आबाना जखमा भरी ऱ्हायन्यात, ताई. तुम्हीच दखा."

वृषालीने आबांना कुशीवर वळवून पाहिलं. खरंच, पाठीवरच्या दोन जखमांवर नवी गुलाबी कातडी धरली होती. गालही भरले होते. तिला आनंद व्हायला हवा होता. आली ती शिसारी, आणि तिची तिलाच लाज वाटली.

तिने खाट चार हात सरकवून दुसऱ्या भिंतीला लावली. सोमवारी रजा टाकली आणि बाराला खुर्ची घेऊन बसली. आधीच्या जागी काहीच पडलं नाही. आबांनी तोंड उघडलं आणि नव्या जागी, नेमकं ओठांच्या वर, फळीला पिवळा मणी धरला. वृषाली स्टुलावर चढली आणि तो मणी तिने थेट फळीवरून लॅबच्या बाटलीत घेतला. आबांच्या तोंडातलं काही त्यात मिसळलं, असं नंतर स्वतःलाच म्हणता येऊ नये.

मंगळवारी लॅबमध्ये कोणी नसताना तिने थेंब काचेवर पसरला. जे दिसलं ते ती झोपेतही ओळखू शकली असती. गालाच्या आतल्या कातडीच्या पेशी, पिठाचे कण, ज्वारीच्या कोंड्याचे बारीक तुकडे. ती लाळ होती. माणसाची लाळ, घास चावून चावून पातळ केलेली. तिने मशीन लावून पाहिलं, लाळेत असतं ते अमायलेज मोजलं. आकडा मशीनच्या पट्टीबाहेर गेला. वृषालीने काच फिनाईलमध्ये टाकली आणि डबा न उघडताच परत आणला.

घरी आल्यावर ताईबाईला यातलं काही सांगायचं नाही असं तिने ठरवलं होतं. पण नमुन्याची बाटली पाहून ताईबाई आपणहूनच म्हणाली, "लहानपने आमनी माय आम्हले भाकर चावीसन भरवे. दात नव्हतात ना आम्हले." आणि उठून भांडी घासायला गेली.

असलम मिस्त्री जळगावचा. गळती काढण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. मोठमोठ्या बंगल्यांचे स्लॅब तो नुसते ठोकून सांगायचा की पाणी कुठे मुरतंय. शिडी लावून तो धाब्यावर चढला तेव्हा उन्हाचा कडाका होता. वृषाली त्याच्या मागे चढली.

"मॅडम, वर तर कोरडं ठाक आहे," तो म्हणाला. खारीला बोटभर भेगा पडल्या होत्या. कुदळीने वरचा थर उचकटला तर धूळ उडाली.

"खालचा थर बघा."

असलमने गुडघे टेकून हात आत घातला आणि लगेच काढून घेतला. मग रुमाल गुंडाळून पुन्हा घातला. मूठभर पऱ्हाट्या बाहेर काढून त्याने तिच्यापुढे धरल्या. त्यांची टोकं ओली होती आणि चघळून टाकलेल्या दातणासारखा त्यांचा कुंचा झाला होता.

"उंदीर असतील," वृषाली म्हणाली.

असलमने एक काडी उन्हात फिरवली. चावल्याच्या खुणा रुंद होत्या, एकाशेजारी एक. "माझी दाढ बसेल यात," तो म्हणाला आणि काडी खाली टाकली. "मॅडम, पाणी कुठून तरी येतं. इथं तर येण्याची वाटच नाही. आत गरम आहे. हात घातला तर..."  खाली येऊन तो नळाशी बसला आणि बराच वेळ हात धूत राहिला. चहा ठेवला होता, तो त्याने घेतला नाही.

"सगळं काढा," वृषाली म्हणाली. "खारी, चिखल, काड्या, सगळं. फळ्यांवर पत्रे टाका."

दोन दिवसांत काम झालं. पत्र्यांचे जोड असलमने असे बसवले की वारा आत शिरणार नाही. प्रत्येक खिळ्याखाली रबराचा वायसर, भिंतीच्या कडेला सिमेंटची गोलाई, पन्हाळीला उतार. नथ्थूने ती माती ट्रॉलीत भरून जुन्या पांढरीवर नेऊन टाकली. आबा दोन्ही दिवस गप्प होते. एकदाही नको म्हणाले नाहीत.

मग पाऊस आला. पत्र्यावर एवढा बडवत होता की बोललेलं ऐकू येत नव्हतं. आत एक थेंब नाही. अख्ख्या गल्लीत एवढं कोरडं घर दुसरं नव्हतं.

रोज बाराला आबा तोंड उघडत. तीन-साडेतीनपर्यंत ते तसंच उघडं राही. ओठांना चिरा पडल्या. जीभ चामड्यासारखी झाली.

चौथ्या दिवसापासून नळीतून घातलेलं दूध उलटून येऊ लागलं. पाठीवरची नवी कातडी फाटली. आठवड्यात दंड इतके बारीक झाले की वृषालीच्या चिमटीत मावले. डॉक्टर येऊन बघून गेले. "वय झालं," ते म्हणाले. "अंथरूण कोरडं ठेवलंत हे फार चांगलं केलंत."

वृषाली त्या रात्री उशीत तोंड खुपसून रडली. आपणच हे केलं, असं तिला स्पष्ट वाटत होतं. आणि तो लोंबणारा दोरा आठवला की तरीही मळमळत होतं.

रविवार आला. बारा वाजायला आले होते. तिने खाटेच्या कडेला बसून ताट मांडीवर घेतलं. ज्वारीची भाकरी आणि वरण. दोन दिवस तिने नीट काही खाल्लं नव्हतं. भाकरीचा कोरडाच तुकडा मोडून तिने तोंडात टाकला.

आबांनी तोंड उघडलं.

बाहेर पाऊस थांबला होता. पत्र्यावरून पन्हाळीत शेवटचं पाणी जात होतं. तिचं लक्ष वर गेलं. फळ्या स्वच्छ होत्या, कोरड्या होत्या. ती बराच वेळ बघत राहिली.

घास अजून तोंडातच होता.

तिने गिळायचा प्रयत्न केला. गिळला गेला नाही. जबडा हलत होता, सावकाश, एका लयीत. तो थांबवावा असं तिला वाटलं, पण थांबवला नाही. भाकरीत मीठ नव्हतं, तरी तोंडात खारट लागत होतं.

किळस कुठेच नव्हती. ती शोधत होती.

तिची मान खाली झुकली. ओठांपासून एक दोरा सुटला, लांब झाला, बारीक झाला. आबा नको म्हणतील म्हणून ती क्षणभर थांबली.

आबांची घाटी वर-खाली झाली.

ताईबाई दारात उभी होती.  आत जाऊन तिने दुसरी भाकरी आणली, तिचे बारीक तुकडे केले आणि वृषालीच्या ताटात ठेवले.